एका घराचं एक मत

"पोरीनं केलंय ना, मग थोडंफार इकडचं तिकडे होणारच," अध्यक्षकाका म्हणाले.

रागाने नाही म्हणाले. चिवड्यातले शेंगदाणे वेचता वेचता म्हणाले. आमच्या कुवेतमधल्या फहाहीलच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी दुपारी मराठी मंडळाची मीटिंग बसली होती. हॉलमध्ये अध्यक्षकाका, नाशिकचे काका, डॉक्टरकाका आणि बाबा. मी पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाशी उभी राहून कॉम्प्युटरच्या पंख्यावरचं फडकं बदलत होते. त्यांना मी दिसत नव्हते. मला तिथून बाबांचा फक्त एक गुडघा दिसत होता. बाबा बसले की त्यांचा गुडघा सतत हलत असतो. तो थांबला.

"तसं नाही," बाबा म्हणाले. "तिचं काम चोख असतं."

"अहो, असेल चोख. पण मी मत दिलेलं नाही आणि तुमचं यंत्र म्हणतंय दिलं. मग मी कोण, भूत?"

"आमच्या गावाकडे भुतंसुद्धा मत देतात हो," नाशिकचे काका म्हणाले, आणि सगळे हसले. बाबाही हसले, पण गुडघा काही हलला नाही.

फडक्याआड जे यंत्र घरघरत होतं त्याला सगळं माहीत होतं. आणि आदल्या दिवसापासून मलाही.

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी तिसरीत होते. आला म्हणजे आणलेला नव्हता, जुळवलेला होता. तयार वस्तू घ्यायची नाही हा बाबांचा नियम. ते पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर होते, दिवसभर दाब आणि तापमान मोजणाऱ्या यंत्रांच्या सहवासात असत, आणि घरी आल्यावरही त्यांना काहीतरी उघडून बघायला लागे. हवल्लीतल्या दुकानांत आठवडेच्या आठवडे फिरून त्यांनी एकेक भाग जमवला आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून कामाला सुरुवात केली. तीन दिवस आम्ही जमिनीवर बसून जेवलो. आई म्हणाली, "सण असल्यासारखं पंगतीला बसतोय, पण ताटात आमटी-भातच." तिसऱ्या दिवशी पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली तेव्हा बाबांनी मला उचलून खुर्चीवर बसवलं आणि माझं बोट धरून एक कळ दाबायला लावली. पुढे सगळ्यांना ते सांगायचे, हा कॉम्प्युटर हिनेच सुरू केला.

मी फार बोलणारी मुलगी नव्हते. शाळा इंग्रजी, वर्गात मल्याळी, गुजराती, गोव्याची मुलं, आणि मराठी फक्त घरात. पाहुणे आले की माझं मराठी दोन शब्दांवर यायचं आणि मग मी "येस काका", "नो काकू" यावर भागवायचे. काकू म्हणायच्या, "शिष्ट आहे." शिष्ट नव्हते. वाक्य मनात पूर्ण होईपर्यंत समोरचा माणूस दुसरीकडे बघायला लागलेला असायचा, एवढंच.

कॉम्प्युटरसमोर ती घाई नव्हती. मी सहावीत असताना बाबांनी दुसरा डबा जुळवला आणि हॉलमधून बेडरूमपर्यंत गालिच्याखालून वायर टाकली. त्यानंतर शुक्रवारची सकाळ म्हणजे खेळ. गावं वसवायची, शेती करायची, सैन्य उभारायचं आणि दुसऱ्याच्या गावावर चालून जायचं, असा तो खेळ होता. बाबा हॉलमध्ये, मी बेडरूममध्ये. बाबा कधीच चालून यायचे नाहीत. ते विहिरी खणायचे, धान्याची कोठारं बांधायचे, गावाभोवती तिहेरी तटबंदी घालायचे आणि मी कधी येते त्याची वाट बघायचे. खेळात खाली एक पट्टी होती, तिच्यात लिहिलं की दुसऱ्याच्या पडद्यावर उमटायचं. आम्ही रोमन अक्षरांत मराठी लिहायचो. बाबा लिहायचे, "तुझे घोडे उपाशी आहेत, आधी त्यांचं बघ." मी लिहायचे, "तुमचं बघा, मी दारात आहे." समोरासमोर मी बाबांना असं उलट उत्तर कधी दिलं नाही. त्या पट्टीत मात्र मी चांगलीच फटकळ होते.

एकदा शाळेतल्या एका मुलाकडून मला एक चोरटा शब्द कळला. तो टाकला की दुसऱ्याचा सगळा नकाशा उघडा दिसायचा. मी टाकला. बाबांच्या तटाला मागच्या बाजूने एक फट राहिली होती. तिथून शिरून मी अर्ध्या तासात सगळं जिंकलं. मग पट्टीत उमटलं, "छान. पण सगळा नकाशा दिसायला लागला की खेळायचं काय?" ते हॉलमधून उठून आले नाहीत. जेवतानाही त्यांनी विषय काढला नाही.

इंटरनेट आलं, आधी फोनमधून किरकिरत आणि मग सरळ तारेवर, तेव्हा बाबांच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. मंडळाची वेबसाइट काढायची, पण ती कुणाच्या फुकट जागेवर ठेवायची नाही, आपल्याच घरात ठेवायची. नाशिकच्या काकांनी विचारलं, "अहो, बाहेर फुकट मिळते ना जागा?" बाबा म्हणाले, "फुकट म्हणजे भाड्याहून वाईट. भाडेकरूला निदान नोटीस तरी मिळते." मग ते खुर्चीत पुढे सरकून बसले, म्हणजे आता भाषण होणार हे आम्हाला कळलं. "इथे आपलं काय आहे सांगा. घर भाड्याचं. इकामा, म्हणजे राहायचा परवाना, तोही दुसऱ्याच्या सहीवर. गाडी जाताना विकून जायची. वीस वर्षं राहिलो तरी या देशात एक खिळासुद्धा आपल्या नावावर नाही. निदान आपली चार पानं तरी आपल्या कपाटावर असू देत."

कपाट म्हणजे चपलांचं. पॅसेजमध्ये एसीची जाळी बरोबर त्याच्यावर होती, म्हणून जुना डबा तिथे ठेवला. वाळूचं वादळ झालं की कितीही खिडक्या बंद केल्या तरी पिठासारखी धूळ घरात यायची, म्हणून त्याच्या पंख्यावर आईच्या जुन्या व्हॉइल साडीचा तुकडा ताणून बांधला. तो दर आठवड्याला धुवायचं काम माझं. मंडळाच्या वेबसाइटला फहाहीलची धूळ लागू नये म्हणून निळ्या फुलांची साडी होती, हे मला अजूनही कुणी विचारलं तर आनंदाने सांगावंसं वाटतं.

आणि दरवर्षी उन्हाळ्यात ती वेबसाइट दीड महिना मरायची. आम्ही सुट्टीला पुण्याला निघालो की आई फ्रिज रिकामा करायची, गॅसचा नळ दोनदा तपासायची आणि शेवटी मेन स्विच खाली ओढायची. बाबा विनवायचे, "अगं, एवढा एक प्लग चालू राहू दे." आई म्हणायची, "बंद घरात वीज चालू ठेवून मला विमानात झोप नाही येणार." मग आम्ही पहिल्या पानावर सूचना लावायचो की मंडळ सुट्टीवर आहे. जगात कुठल्या वेबसाइटला उन्हाळी सुट्टी असते, असं डॉक्टरकाका चिडवायचे. बाबा म्हणायचे, "शाळेला असते, कोर्टाला असते, आमच्या साइटलाही असते."

बारावीनंतर माझ्या मैत्रिणी भारतात होस्टेलवर गेल्या. मी नाही गेले. पत्राद्वारे कॉम्प्युटरची पदवी करते म्हणाले, आणि आई-बाबांनी फार खोदून विचारलं नाही. त्यामुळे वेबसाइट हळूहळू माझ्याकडे आली. बाबांकडे भाषणं राहिली, काम माझ्याकडे.

साइटवर सगळ्यात गजबजलेलं पान चर्चेचं होतं. तिथे सगळे काका दिल्लीपासून मंत्रालयापर्यंतचा कारभार चालवायचे. कुणाचं सरकार पडणार, कुणी कुणाला फसवलं, कांद्याचं काय चुकलं. परदेशात राहणाऱ्यांना तेव्हा भारतात मत देता येत नव्हतं आणि कुवेतमध्ये तर प्रश्नच नव्हता. कुठेच मत नसलेली माणसं एवढ्या पोटतिडकीने निवडणुकांवर भांडतात, हे मला आधी हास्यास्पद वाटायचं. नंतर नुसतं बरं वाटायला लागलं. भांडण हातघाईवर आलं की शिव्या काढून टाकायचं काम माझं होतं. मी शिवीच्या जागी तीन टिंबं टाकायचे आणि तिथून निघून जायचे.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात कुवेतच्या बायकांना मतदानाचा हक्क मिळाला. अध्यक्षकाकांनी चर्चेच्या पानावर लिहिलं, "उशिरा का होईना, शहाणपण आलं. आपल्याकडे हे पहिल्या दिवसापासून आहे याचा अभिमान वाटतो." खाली "वा, वा"ची रांग लागली. बाबांनी ते नाश्त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बरं झालं बाई," आणि डब्यात पोळ्या भरायला लागली.

त्याच वर्षी सुट्टीवरून परतल्यावर दिवाळीच्या संमेलनाची तयारी सुरू झाली. मंडळाची रीत अशी की प्रत्येक घराने एक पदार्थ करून आणायचा. कुणाकडे कुठला हे ठरलेलं होतं, आणि एकदा ठरलं की त्यातून सुटका नव्हती. अध्यक्षकाकूंकडे पुरणपोळ्या. आईकडे कोथिंबीर वडी. फार पूर्वी एका संमेलनात आईच्या वडीचं कुणीतरी कौतुक केलं, तेव्हापासून दरवर्षी दोनशे वड्या तिच्याकडे. कुवेतची कोथिंबीर वाळूची असते. पाच पाण्यांनी धुवायची, पंचे अंथरून वाळवायची, चिरायची, मळायची, उकडायची, कापायची आणि मग तळायची. दोन दिवस घराला तोच वास. त्या वर्षी आईचा उजवा खांदा आखडला होता. हात कानाच्या वर जात नव्हता, वेणी मी घालून द्यायचे. खांद्याला काय झालंय ते तपासून सांगणारे डॉक्टरकाकाच जाताना दारात म्हणाले होते, "वहिनी, व्यायाम करा. दिवाळीला वड्या हव्यात आम्हाला."

आईने "हो" म्हटलं होतं. ती नेहमी हो म्हणायची. तेवढं माझ्यात तिचंच आलंय.

जलीबमध्ये एका खोलीत नोकरीला आलेली चार मुलं राहायची, मंडळाच्या यादीत ती चौघं मिळून एक घर. त्यांनी चर्चेच्या पानावर लिहिलं की आम्हाला पदार्थ करून आणणं जमत नाही, या वर्षी सगळ्यांनीच वर्गणी काढून हॉटेलातून जेवण मागवलं तर? त्यावर काका लोकांचा भडका उडाला. परंपरा. घरची चव. अध्यक्षकाकांनी लिहिलं, "इडली-सांबार खायला मंडळ काढलं का?" तीन टिंबंही बरीच टाकावी लागली. शेवटी डॉक्टरकाका म्हणाले, भांडता कशाला, साइट आहे ना, मतदान घ्या. अध्यक्षकाकांना ते एकदम पटलं. निकाल काय लागणार याची त्यांना खात्री होती. त्यांनी मंडळाच्या लेटरहेडवर नियम लिहून बाबांबरोबर माझ्याकडे पाठवला. एकच ओळ. "एका घराचे एक मत ग्राह्य धरले जाईल." खाली सही आणि शिक्का.

मी तो कागद टेबलासमोर भिंतीवर चिकटवला आणि त्याबरहुकूम काम केलं. प्रत्येक घराला एक नंबर आणि एक परवलीचा शब्द. बाबा म्हणाले, सोपे ठेव, मंडळी विसरतात. म्हणून मी आईच्या मसाल्याच्या डब्यातून आणि भाजीच्या पिशवीतून शब्द घेतले. जिरे, मोहरी, ओवा, दोडका. आमच्या घराचा हिंग. चाळीसएक चिठ्ठ्या छापल्या. बाबांनी त्या ऑफिसच्या गाडीत काका लोकांना वाटल्या, काकांनी त्या घरी नेऊन फ्रिजवर चुंबकाखाली लावल्या. आपल्याकडे महत्त्वाचा कागद फ्रिजवरच जातो.

बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कुठल्या घराचं मत किती वाजता, कुठल्या कॉम्प्युटरवरून आलं, सगळं लिहून ठेवायचं. प्लांटमध्ये साधा व्हॉल्व्ह फिरवला तरी लॉगबुकात नोंद होते. "पण ती वही उघडून बघायची केव्हा, तर काही बिघडलं तरच," असंही ते म्हणाले. "एरवी पोस्टमनने पाकिटावरचा पत्ता वाचायचा. आतलं पत्र नाही."

मतदान आठवडाभर उघडं होतं. मंगळवारी संध्याकाळी नाशिकच्या काकांचा फोन आला. बाबा फोनवर "असं कसं होईल?" असं तीनदा म्हणाले. काका शिफ्टवरून येऊन मत द्यायला बसले, तर पडद्यावर आलं, "आपल्या घराचे मत याआधीच नोंदवण्यात आले आहे. धन्यवाद." बुधवारी असेच आणखी पाच फोन. मग बाबांनी स्वतः बसून आमचा नंबर टाकला, हिंग टाकला. "आपल्या घराचे मत याआधीच." ते वळून माझ्याकडे बघायला लागले.

"तू दिलंस?"

"नो."

"बघ जरा काय बिघडलंय," एवढंच म्हणाले. पण त्यांच्या आवाजात काय होतं ते मला कळलं. आपली चार पानं आपल्या कपाटावर, हे त्यांनी गावभर सांगितलं होतं.

गुरुवारी सकाळी मतदान संपल्यावर मी लॉग उघडला. बिघडलं होतं, त्यामुळे उघडणं बरोबरच होतं. तरी मला तो चोरटा शब्द आठवला.

काहीच बिघडलेलं नव्हतं. जलीबच्या मुलांचं मत संध्याकाळी पडलं होतं, आणखी काही तुरळक मतं होती. बाकी जवळपास सगळी मंगळवारची. सकाळी दहा ते दुपारी बारा. एकेक मत, मध्ये तीन-चार मिनिटं, कधी पाच. जसं एक फोन संपतो आणि दुसरा लागतो. कुवेतमध्ये गावातल्या गावात घरच्या फोनला पैसे पडत नाहीत, आणि काका लोक प्लांटमध्ये आणि दवाखान्यात असताना सगळ्या काकू सकाळी एकमेकींशी बोलतात. भाजी काय, सून कशी आहे, कुणाकडे चांगली भेंडी आली. आमच्या गालिच्याखालच्या वायरीपेक्षा ती तार कितीतरी जुनी होती.

पहिलं मत दहा वाजून चार मिनिटांनी पडलं होतं. ते बाहेरून आलेलंच नव्हतं. आमच्याच हॉलमधल्या कॉम्प्युटरवरून आलं होतं. मंगळवारी मी पत्राद्वारे शिकणाऱ्यांच्या वर्गाला सकाळीच गेले होते. बाबा प्लांटमध्ये होते.

आई कॉम्प्युटर फक्त पुसायची. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी उठून स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर चिठ्ठी जागेवरच होती, पण कोपऱ्यावर पिवळा ठसा होता. बेसनाचा अंगठा. आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून डाव्या हाताने कणीक मळत होती.

"काय हवंय?" तिने विचारलं.

"नथिंग," मी म्हणाले.

सत्तावीस घरांनी हॉटेल म्हटलं होतं. नऊ घरांनी घरचं.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये हे आकडे बाबांनीच वाचले होते, आणि त्यावरच अध्यक्षकाकांचा तो शेंगदाणे वेचत मारलेला शेरा होता. मी फडकं घट्ट बांधलं आणि तिथेच उभी राहिले. अध्यक्षकाकू आणि आई स्वयंपाकघरात होत्या. कप-बशांचा आवाज येत होता.

"मी काय म्हणतो," अध्यक्षकाका म्हणाले, "हे मतदान रद्द करू. यंत्र बिघडलं असं लिहून टाका तुमच्या साइटवर. पुढच्या शुक्रवारी सगळे मंडळाच्या हॉलवर जमू आणि हात वर करून घेऊ. साधं, सोपं, डोळ्यांदेखत."

"म्हणजे वडी पक्की," डॉक्टरकाका म्हणाले.

हॉलवर काका लोक समोरच्या खुर्च्यांवर बसतात आणि काकू मागे मुलांना घेऊन. हात कुणाचे वर जाणार हे मलाही दिसत होतं. आईने पुन्हा "हो" म्हटलं असतं. कोथिंबीर पाच पाण्यांनी धुतली असती, एका हाताने.

"रद्द कशाला?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "बिघाड आहे असं नुसतं म्हणून कसं चालेल? माझ्याकडे लॉग आहे. तिने सगळं लिहून ठेवलंय. कुठल्या घराचं मत, किती वाजता, कुठून आलं, सगळं. मिनिटामिनिटाची नोंद आहे."

"मग काढा की बाहेर!" नाशिकचे काका म्हणाले. "बघू तरी माझ्या नावाने कोण बसलं होतं ते."

स्वयंपाकघरातल्या कप-बशा थांबल्या. नळ चालू होता, तोही बंद झाला.

बाबा माझी बाजू घ्यायला निघाले होते, आणि नेमकं त्यांनी तेच केलं होतं जे करायला नको होतं. ते त्यांना माहीत नव्हतं. "अगं ए," त्यांनी हाक मारली. "ये इकडे. लॉग छापून आण आणि दाखव यांना."

मी आत गेले, हॉलमध्ये नाही, माझ्या टेबलापाशी. प्रिंटर तिथेच होता. कळ दाबली असती तर दोन पानांत सगळं संपलं असतं, माझं काम चोख ठरलं असतं आणि बाबांचा गुडघा पुन्हा हलायला लागला असता. बिघाड होता म्हटलं असतं, तर काकू वाचल्या असत्या, पण बाबांचं यंत्र कायमचं खोटं ठरलं असतं आणि दिवाळीला वड्या तळाव्या लागल्या असत्या. मी भिंतीवरचा कागद काढला. चिकटपट्टीबरोबर रंगाचा एक पापुद्राही निघाला. घरमालकाला तो नंतर दिसला, पण ती वेगळी गोष्ट.

हॉलमध्ये गेले तेव्हा सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ट्रे तिने डाव्या हातावर तोलला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, कपांकडे बघत होती. तिच्यामागे अध्यक्षकाकू होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"अरे वा, आणला का लॉग?" अध्यक्षकाकांनी हात पुढे केला. "दे बेटा. सांग, काय गडबड झाली तुझ्या मशीनमध्ये?"

मी त्यांचाच कागद त्यांच्या हातात दिला. सही आणि शिक्का वर येईल असा. त्यांनी तो वाचला, उलटून पाहिला, मागे काही नव्हतं.

वाक्य मनात पूर्ण व्हायला नेहमीइतकाच वेळ लागला. पण त्या दिवशी कुणी दुसरीकडे बघत नव्हतं. बाबाही नाही. ते थोडे पुढे वाकले होते, खेळात मी तटापाशी आले की हॉलमध्ये ते तसेच बसत असतील.

"मशीनमध्ये काही गडबड नाही, काका," मी म्हणाले. "एका घराचं एक मत, हा नियम तुम्हीच लिहून दिला होता, आणि प्रत्येक घराचं एकच मत पडलंय. घरातल्या कुणी द्यायचं ते तुम्ही लिहिलं नव्हतं. आणि लॉग मी कुणालाच दाखवणार नाही."